दोन्ही बाजूंची सारखी चूक



गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सेनंतर आमच्या धर्मग्रामातील एक तरुण चर्चच्या पायऱ्यांवर माझी वाट पाहत उभा होता. त्याने नुकतीच एक जुनी जीप विकत घेतली आहे. आमच्या खानापूरकडच्या पावसाळी वाटांवर गाडीचे पोट दगडांना लागू नये, म्हणून त्याने पुढच्या दोन्ही स्प्रिंगांना लांब शॅकल बसवून घेतल्या आणि गाडी चार बोटे उंच केली.

"फादर," तो म्हणाला, "तेव्हापासून एक चमत्कारिक गोष्ट होते. गाडी सरळ जाते, डावीकडे ओढत नाही की उजवीकडे ओढत नाही. पण वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपले आपण परत येत नाही; हाताने फिरवून आणावे लागते. मिस्त्री म्हणतो, दोन्ही बाजू अगदी सारख्या आहेत, बिघाड काहीच नाही. तुम्ही विलायतेत असताना मोटार बांधली होती म्हणे. तेव्हा तुम्हीच काय ते सांगा."

मोटार मी बांधली नव्हती. बांधणाऱ्याच्या हाताखाली मी एक उमेदवार होतो, इतकेच. परंतु त्या तरुणाने जो प्रश्न विचारला, तोच प्रश्न त्या मोटारीने मला एकदा विचारला होता, आणि त्याचे उत्तर ठाऊक असूनही मी कित्येक दिवस तोंड मिटून बसलो होतो. ती हकिकत मी त्याला पायऱ्यांवरच बसवून सांगितली. आता आपणांसही सांगतो.

२०१२ साली उच्च शिक्षणासाठी मला इंग्लंडमध्ये पाठविण्यात आले. कॉव्हेंट्री शहरातील एका धर्मग्रामात मी राहत असे. आठवडाभर अभ्यास आणि शनिवार-रविवारी तेथील फादरांना मदत, असा माझा क्रम होता. कॉव्हेंट्री हे मोटारींचे जुने गाव. आमच्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारे एक वृद्ध गृहस्थ होते. चाळीस वर्षे मोटारीच्या कारखान्यात काम करून ते निवृत्त झाले होते. त्यांची पत्नी दोन वर्षांपूर्वी देवाघरी गेली होती, आणि तेव्हापासून घराच्या बाजूच्या गॅरेजमध्ये ते एकटेच एक छोटी मोटार बांधीत होते. मी त्यांना मनातल्या मनात आजोबा म्हणत असे. येथेही तेच म्हणतो.

घरी मोटार बांधावयाची, हे ऐकून आपणांस नवल वाटेल. मलाही वाटले होते. इंग्लंडात मात्र ही रीत जुनी आहे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ साली 'सेव्हन' नावाची एक लहान, हलकी, उघडी मोटार काढली आणि ती सुट्या भागांच्या संचातही विकावयास ठेवली. त्या काळी तयार मोटारीवर तेथे खरेदीकर भरावा लागे. सुटे भाग घेऊन ज्याने ती घरी जोडली, त्याचा कर वाचे. जोडणीच्या सूचना सोबत दिल्या तर कर लागू होईल, म्हणून गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना देत आणि गिऱ्हाईक त्या उलट्या क्रमाने वाचीत असे, असा किस्सा तेथील लोक हसत हसत सांगतात. १९७३ साली करपद्धती बदलली आणि तो लाभ संपला. पण हौस संपली नाही. पुढे १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन नावाच्या गृहस्थांनी अडीचशे पौंडांत अशी मोटार घरी कशी बांधावी याचे एक पुस्तकच लिहिले. चौकोनी पोलादी नळ्या आणून सांगाडा स्वतः जोडावयाचा, आणि इंजिन, गिअरबॉक्स, मागची आस, स्टिअरिंगची रॅक हे सारे एखाद्या जुन्या फोर्ड एस्कॉर्ट गाडीतून काढून बसवावयाचे. आजोबांची गाडी याच धर्तीची होती. ती ते आपल्या नातवासाठी बांधीत होते.

मी तेथे कसा ओढला गेलो? एके रविवारी त्यांनी मला चहाला बोलाविले आणि गॅरेज दाखविले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता आणि शस्त्रक्रियेची तारीख मिळावयाची होती. त्यांचे हात अजून तरबेज होते, परंतु पोलादी पट्टीवरच्या बारीक रेघा त्यांना दिसत नसत. "फादर," ते म्हणाले, "माझ्याकडे हात आहेत. तुम्ही शनिवारी दोन तास माझे डोळे व्हाल का?" माझे आजोबा गावी बैलगाडीची चाके भरून देत. तुंब्यात आरे ठोकताना त्यांच्याजवळ उकिडवे बसून मी बालपण घालविले आहे. मला ते आमंत्रण नाकारवले नाही.

पुढच्या चाकांचे काम हिवाळ्यात निघाले. मोटारीचे पुढचे चाक बैलगाडीच्या चाकासारखे आसेत नुसते ओवलेले नसते. त्याला खड्ड्यात वरखाली व्हावे लागते आणि वळणावर फिरावेही लागते. म्हणून चाक एका उभ्या पोलादी खांबावर बसवितात. आजोबांनी हे खांब एका जुन्या फोर्ड कॉर्टिना गाडीचे घेतले होते. खांबाला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म धरून ठेवतात. प्रत्येक आर्म दोन नळ्यांचा, दोन बोटे फाकवावीत तशा आकाराचा असतो. त्याची दोन टोके सांगाड्यावर बिजागरीसारखी हलतात आणि जेथे दोन्ही नळ्या मिळतात, त्या टोकाला बॉल जॉइंट असतो. हे आर्म आम्हांला स्वतःच बनवावयाचे होते.

त्यासाठी आजोबांनी एका जाड फळीवर साचा तयार केला. आराखड्यातील मापे मी वाचावयाची आणि ते त्या जागी खुंटे ठोकीत. दोन खुंटे बिजागरीच्या टोकांसाठी आणि तिसरा बॉल जॉइंटच्या घरासाठी. नळ्या त्या खुंट्यांच्या आधाराने कापून जुळवावयाच्या आणि मग वेल्डिंगचे टाके मारावयाचे. डाव्या आणि उजव्या बाजूचे वरचे आर्म एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे असतात. म्हणून एकाच साच्यावर एक आर्म सुलटा आणि दुसरा उलटा जुळविला की दोन्ही तयार होतात.

एका शनिवारी आजोबा चहा आणावयास आत गेले असता मी ती फळी एका बाकावरून दुसऱ्या बाकावर नेऊ लागलो. ती माझ्या हातून निसटली आणि तोंडावर पडली. तिसरा खुंटा उखडला आणि त्याच्या छिद्राभोवतीचे लाकूड फुटले. फुटलेल्या जागी खुंटा पुन्हा धरेना. आराखडा शेजारीच होता, पट्टीही होती. परंतु मला लाज वाटली. पाहुणा म्हणून आलेल्या धर्मगुरूने म्हाताऱ्याची दोन दिवसांची मेहनत पाडली, असे होऊ नये, म्हणून मी घाईघाईने त्या छिद्राच्या पुढे, जेथे लाकूड शाबूत होते तेथे, नजरेच्या अंदाजाने खुंटा ठोकून टाकला. आजोबा चहा घेऊन आले. त्यांच्या डोळ्यांना काही दिसले नाही. इतक्याशा फरकाने काय होणार, असे मी मनाशी म्हटले आणि चहाचा पेला हाती घेतला.

इतक्याशा फरकाने काय होते, ते आता सांगावयास हवे.

घरची सायकल आठवून पाहा. तिच्या हँडलचा दांडा सरळ उभा नसतो. वरचे टोक मागे, खालचे पुढे, असा तो कललेला असतो. त्या दांड्याची रेषा जमिनीपर्यंत नेली, तर ती टायर जेथे जमिनीला टेकते त्या जागेच्या थोडी पुढे पडते. म्हणजे चाक आपल्या वळण्याच्या रेषेमागून, गाईमागून वासरू यावे तसे, येत असते. म्हणूनच सीट धरून सायकल पुढे ढकलली तर हँडल बऱ्याच अंशी सरळ राहते. मागे ढकलली की ते लगेच फिरते. मोटारीतही हेच तत्त्व आहे. वरचा बॉल जॉइंट खालच्या बॉल जॉइंटच्या किंचित मागे ठेवतात. त्या कलाला मोटारवाले कॅस्टर म्हणतात. वळण संपून हात सैल सोडले की चाके आपली आपण सरळ होतात, ती मुख्यतः या कलामुळे.

आमच्या आराखड्यात हा कल सुमारे पाच अंशांचा होता. आमच्या चाकाची त्रिज्या २८० मिलिमीटरच्या आसपास होती. पाच अंशांच्या कलाने ती रेषा टायर टेकण्याच्या जागेपुढे जवळजवळ अडीच सेंटिमीटर पडावयास हवी. मी खुंटा बारा मिलिमीटर पुढे ठोकला होता. गव्हाचे दोन दाणे लांबीने एकापुढे एक ठेवावेत, एवढेच ते अंतर. परंतु त्यामुळे पाच अंशांचे दोन अंश झाले आणि अडीच सेंटिमीटरचा जेमतेम एक सेंटिमीटर उरला.

आणि येथे खरी गोम आहे. एकाच बाजूचा आर्म चुकला असता, तर ज्या बाजूला कल कमी त्या बाजूला गाडी ओढली असती आणि चूक पहिल्याच दिवशी चव्हाट्यावर आली असती. पण दोन्ही आर्म एकाच बिघडलेल्या साच्यातून निघाले होते. डावीकडे जेवढी चूक तेवढीच उजवीकडे. आजोबांच्या नातवाने दोन्ही बाजू दोरी लावून मोजल्या. दोन्ही तंतोतंत जुळल्या. सर्वांना समाधान वाटले. माझ्याही मनातील उरलीसुरली रुखरुख शमली. दोन चुका एकमेकींशी जुळल्या की त्या बरोबर असल्यासारख्या दिसतात, हे मला तेव्हा कळले नाही.

२०१३ च्या उन्हाळ्यात आजोबांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि गाडीही पुरी झाली. घरी बांधलेली मोटार रस्त्यावर आणण्यापूर्वी तेथे तिची सरकारी तपासणी करवून घ्यावी लागते. ही कडक परीक्षा २००९ पासून सुरू आहे. ब्रेक, दिवे, पट्टे, धूर, कोठे टोकदार कडा आहे काय, हे सारे पाहतात. वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून मध्यावर येऊ पाहते की नाही, हेही पाहतात. तोवर गाडी घरासमोरच्या फरसबंदीवर माणसाच्या चालीने पुढेमागे झाली होती, तेवढीच. त्या गतीला हा दोष कळत नाही.

सप्टेंबरमध्ये ट्रेलरवर घालून गाडी नेली. तपासनीस सज्जन होता. त्याने गाडी चालविली, वळविली आणि चक्र सैल सोडले. चक्र जेथे होते तेथेच राहिले. दुसऱ्या बाजूला वळवून पाहिले, तेच झाले. नापासाच्या कागदावर इतर दोन किरकोळ गोष्टींसह त्याने ही गोष्ट लिहिली. कागद आजोबांच्या हाती पडला त्या क्षणी मला तो खुंटा आठवला. क्षणभरही शंका राहिली नाही.

मी बोललो काय? नाही. परतीच्या वाटेवर आजोबा खिडकीबाहेर पाहत होते. ते म्हणाले, "चूक माझीच. आंधळ्या म्हाताऱ्याने मोटार बांधायला घेतली, हाच मूर्खपणा. मुलाला अशा गाडीत मी बसविणार नाही. भंगारात देऊन टाकू." नातू त्यांची समजूत घालीत होता. मीही दोन गोड शब्द बोललो, आणि ते बोलताना माझी जीभ मला जड वाटली.

पुढचे दोन शनिवार गॅरेजचे दार बंद राहिले. आजोबा मिस्सेला येत, पण पहिल्या बाकावर न बसता मागे बसत. तिसऱ्या शनिवारी सायंकाळी मी पापनिवेदन ऐकण्यास बसलो होतो. कोण काय बोलले ते सांगावयाचे नसते आणि मी सांगतही नाही. माझ्याच मनात काय चालले होते, तेवढे सांगतो. जाळीपलीकडची माणसे आपल्या लहानमोठ्या चुका नाव घेऊन उच्चारीत होती, आणि जाळीअलीकडे बसलेला मी एका लाकडी खुंट्याचे नाव घेण्यास धजत नव्हतो. मी जर मुकाट राहिलो, तर एक वृद्ध मनुष्य आपल्या हातांवरचा आणि डोळ्यांवरचा विश्वास कायमचा गमावील. आणि तोही माझ्या चुकीपायी. तेथून उठलो तो तडक त्यांच्या घरी गेलो.

उंबरठ्यावरच मी सर्व सांगितले. फळी कशी पडली, छिद्र कसे फुटले, पट्टी शेजारी असून मी ती का उचलली नाही, हेही सांगितले. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मी क्षमेचे शब्द जुळवू लागलो तो त्यांनी हात वर करून मला थांबविले.

"पुढे ठोकलात की मागे?" त्यांनी विचारले.

"पुढे."

"किती?"

"मोजले नाही."

"मग चला, मोजू."

ती फळी भिंतीशी उभी होती. त्यांनी ती स्वतः बाकावर ठेवली, नव्या डोळ्यांनी पट्टी धरली आणि फुटलेल्या छिद्रापासून खुंट्यापर्यंतचे अंतर वाचले. बारा मिलिमीटर. त्यांचा चेहरा उजळला. मी रागाची अपेक्षा करीत होतो. पण जो मनुष्य दोन आठवडे स्वतःला निकामी समजत होता, त्याला त्या आकड्याने मोकळे केले होते. ते म्हणाले, "फादर, डोळे बिघडले असते तर उपाय नव्हता. आर्म नवा करता येतो."

आम्ही नवी फळी घेतली. या वेळी प्रत्येक माप मी वाचावयाचे, त्यांनी वाचावयाचे आणि दोघांचे जुळले तरच खुंटा ठोकावयाचा, असा नियम त्यांनी केला. वरचे दोन्ही आर्म नव्याने झाले. मला वाटले, काम संपले. आजोबा म्हणाले, अजून नाही. वरचा जॉइंट मागे नेला की खांब मागे कलतो. त्या खांबाला पुढच्या बाजूस एक लहान बाहू असतो. स्टिअरिंगच्या रॅककडून आलेला टाय रॉड त्याला जोडलेला असतो. खांब तीन अंश मागे कलला, तशी त्या बाहूची पुढची टोकेही सुमारे सहा मिलिमीटर वर आली. आता टाय रॉड जुन्या रेषेत राहिला नाही. असे राहू दिले तर खड्ड्यात चाक वरखाली होताना ते आपोआप थोडे वळते आणि चालविणाऱ्याने काही न करता गाडी वाट सोडू पाहते.

ते तपासावयाची त्यांची रीत साधी होती. स्प्रिंग काढून ठेवली, स्टिअरिंग मध्यावर बांधून टाकले, चाकाच्या जागी एक सपाट फळी बसविली आणि तिच्या पुढच्या व मागच्या कडेजवळ एकेक टोकदार काटा उभा केला. मग जॅकने चाकाची बाजू हळूहळू वर उचलावयाची आणि दोन्ही काट्यांपासूनचे अंतर दर बोटागणिक लिहावयाचे. दोन्ही अंतरे सारखी बदलली तर ठीक. एक वाढले आणि दुसरे घटले, तर चाक वळते आहे. आमचे चाक वळत होते. रॅकखाली पातळ पत्र्यांचे पॅकिंग घालीत, पुन्हा पुन्हा मोजीत, आम्ही तीन संध्याकाळी घालविल्या. सहा मिलिमीटरच्या जवळपास पॅकिंग झाले, तेव्हा ते वळणे जवळजवळ नाहीसे झाले. एक खुंटा नजरेने ठोकण्यास मला अर्धे मिनिट लागले होते. ते निस्तरण्यास दोघांना पाच आठवडे लागले.

नोव्हेंबरमध्ये गाडी पुन्हा तपासणीस नेली. तपासनीसाने वळणावर चक्र सैल सोडले आणि ते सावकाश, कोणी हात धरून आणावे तसे, मध्यावर आले. आजोबांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी नातवाच्या खांद्यावर हात ठेवला. पुढच्या महिन्यात मी भारतात परतलो.

पायऱ्यांवर बसलेल्या त्या तरुणाला मी म्हटले, "तुझ्या जीपचेही असेच झाले आहे. पुढच्या स्प्रिंगांच्या शॅकल लांब झाल्यामुळे आस पुढे कलली आणि कॅस्टर कमी झाला. दोन्ही बाजूंनी सारखाच कमी झाला, म्हणून गाडी ओढत नाही आणि मिस्त्रीला बिघाड दिसत नाही. लांब शॅकल काढ, मूळच्या परत बसव. आपल्याकडे मोटारीत असे फेरफार मनाप्रमाणे करण्यास कायद्याचीही मनाई आहे. आणि मग गाडी अलाइनमेंटला ने."

तो उठून निघाला. घरोघरी असे पुष्कळदा होते, बंधुभगिनींनो. नवरा जे बोलत नाही तेच बायकोही बोलत नाही. बाप जे झाकतो तेच मुलगाही झाकतो. कोणी कोणाला ओढीत नाही, म्हणून घर सरळ चालले आहे असे वाटते. वळण येऊन हात सैल सुटेपर्यंत ते कळत नाही. मीही आजोबांशी असाच जुळवून बसलो होतो: ते स्वतःला दोष देत होते आणि मी त्यांना तो घेऊ देत होतो.

त्या तरुणाला मी पुन्हा हाक मारली. "आणि हे पाहा," मी म्हटले, "तेथे दोन्ही बाजू सारख्या आहेत का, एवढेच विचारू नकोस. जेवढ्या हव्यात तेवढ्या आहेत का, तेही विचार. आकडा कागदावर लिहून घे."